चौकातल्या बुरुजाचं खरं काय

आमच्या चौकाच्या मधोमध जी गोल दगडी वास्तू उभी आहे, ती बुरूज नाही. हे मी पालिकेत लिहून दिलंय, सोसायटीच्या सभेत उभं राहून सांगितलंय, शाळेच्या मुख्याध्यापिकांच्या खोलीत बसून सांगितलंय आणि एकदा त्या वास्तूच्या आतून ओरडूनही सांगितलंय. ज्यांना पटलं नाही त्यांच्याशी माझं भांडण नाही. पटूनही जे बुरूजच म्हणतात त्यांच्याशी आहे, आणि ते मिटवायचा माझा विचार नाही.

सुरुवात पालिकेला सुचलेल्या एका चांगल्या विचारापासून झाली. पालिकेला चांगला विचार सुचला की नागरिकांनी दारं-खिडक्या लावून घरात बसावं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. विचार असा, की प्रत्येक वस्तीने आपल्या परिसराचा इतिहास शोधून मजकूर पाठवायचा आणि पालिका त्याचा फलक लावणार. लगेच सोसायटीची सभा भरली. आमचे अध्यक्ष फर्निचरच्या शोरूमचे मालक आहेत. ते बोलायला उभे राहिले की आपण सोफा बघायला आलोय आणि आता तो घेतल्याशिवाय सुटका नाही, असं वाटायला लागतं.

"मजकूर तयारच आहे," ते म्हणाले. "बाईंनी फक्त भाषेवरून एक हात फिरवायचा."

बाई म्हणजे मी. मी शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे चौकात मला सगळे बाईच म्हणतात. नवरासुद्धा म्हणतो, पण फक्त वैतागला की.

मी कागद वाचला. शेकडो वर्षांपूर्वी शत्रूवर नजर ठेवण्यासाठी हा बुरूज उभारला गेला, युद्धावरून परतताना एका राणीने इथे विसावा घेतला आणि तिच्या स्वामिनिष्ठ घोड्याने इथेच देह ठेवला, असं त्यात होतं.

"कुठली राणी?" मी विचारलं.

"राणी," अध्यक्ष म्हणाले.

"नाव काय तिचं?"

"बाई, तुम्ही आत्ता वर्गात नाही आहात."

"बरं, पण हे कळलं कुठून?"

"लहानपणापासून ऐकतोय."

"कुणाकडून?"

अध्यक्षांनी सभेकडे पाहिलं. सभेने पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता, त्यामुळे त्याच्याकडूनही काही हललं नाही. शेवटी मागून कोणीतरी काकुळतीने म्हणालं, "राणी नको तर नको, पण घोडा तरी ठेवा हो."

मी कागद परत दिला. "आधी शोधते, मग लिहिते," मी म्हणाले. हे वाक्य बोलताना मला फार बरं वाटलं. जी वाक्यं बोलताना इतकं बरं वाटतं ती माणसाने बोलू नयेत.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घराची बेल विश्रांती घेईना. वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर आले. "भिंतीतल्या फटी पाहिल्यात ना? बंदुकीच्या आहेत. नळी बाहेर काढायची आणि धडाधड!" असं म्हणून त्यांनी आमच्या फ्रिजवर दोन गोळ्या झाडल्या. कोपऱ्यावरचे होमिओपॅथीचे डॉक्टर आले. त्यांनी डोळे अर्धवट मिटले आणि जुना आजार ओळखावा तसं सांगितलं, "खाली भुयार आहे. थेट डोंगरापर्यंत." मी म्हटलं, बघायला जाऊ या. ते म्हणाले, "पुढे बुजलंय." जगातल्या प्रत्येक जुन्या वास्तूखाली भुयार असतं आणि ते प्रत्येक वेळी पुढे बुजलेलं असतं. समोरच्या टेलरच्या आजोबांनी तर तो घोडा स्वतः पाहिला होता.

"शेकडो वर्षांपूर्वीचा?" मी विचारलं.

टेलरने तोंडातली टाचणी काढून विचार केला. "मग तो दुसरा घोडा असेल."

मी हे सगळं लिहून घेतलं. ऐकीव माहिती टाकून द्यायची नसते. तिच्या पुढे 'ऐकीव' एवढंच लिहायचं असतं. पण हे ज्याला त्याला सांगितलं की माणसं दुखावतात. इंजिनिअर तर म्हणाले, "मी ऐकीव? मी विशेष प्रावीण्याने पास झालोय!"

मग टेलरचीच टेप मागून मी मोजमापाला गेले. फटी माझ्या डोक्याच्या बऱ्याच वर निघाल्या. तिथून गोळी झाडायची तर शिपाई जिराफाच्या कुळातले हवे होते. शिवाय दगडांच्या मधे चक्क सिमेंट होतं. मी इंजिनिअरना बोलावून दाखवलं.

"दुरुस्ती झाली असेल," ते म्हणाले.

"अख्ख्या बुरुजाची? खालपासून वरपर्यंत?"

"कसून केली असेल."

तोवर आजूबाजूला गर्दी जमली होती. एक बाई टेप घेऊन चौकात मोजतेय म्हटल्यावर रस्ता रुंद होणार, हे लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. बुरूज मेडिकलचे मालक माझ्यासाठी गार पाणी घेऊन आले आणि हळूच विचारलं, "बाई, आमच्या पायऱ्या किती जातील?" मी म्हटलं, मी इतिहास मोजतेय. ते म्हणाले, "ते झालंच. पण पायऱ्या?"

आता आत जायला हवं होतं. दाराला भलंमोठं कुलूप होतं, म्हणून किल्लीसाठी मी पालिकेत गेले. उद्यान विभाग म्हणाला, ती बाग नाही. पाणीपुरवठा म्हणाला, तिथे पाणी नाही. वारसा विभागातल्या कारकुनाने मात्र मला बसायला खुर्ची दिली.

"फलक लागला की ती वारसा वास्तू होईल," तो म्हणाला. "मग या. किल्ली आमच्याकडून."

"पण फलक लावण्यासाठी मला आधी आत बघायला हवं."

"बघा की."

"किल्ली?"

"फलक लागला की."

मी त्याला हे पुन्हा सांगायला लावलं. त्याने सांगितलं, अगदी सावकाश, प्रेमाने, एकेक शब्द सुटा करून. ढ मुलांना समजावण्याचा तो सूर होता. तो सूर मी इतकी वर्षं इतरांसाठी वापरते, पण माझ्यावर तो पहिल्यांदाच कोणीतरी वापरला. मी मान ताठ ठेवून मालमत्ता विभागात गेले.

"अशी वास्तूच नाही आमच्याकडे," तिथले साहेब म्हणाले.

"मी तर रोज बघते."

"तुम्ही बघत असाल. आमच्याकडे नाही."

"मग तिच्यावरचं कुलूप?"

"कुलूप आहे?" साहेब दचकले. "मग ते बेकायदेशीर आहे."

"मी उघडू?"

त्यांनी बराच विचार केला. "नसलेल्या वास्तूला आम्ही हो कसं म्हणणार? आणि नाही तरी कसं म्हणणार?"

एवढं मला पुरे होतं. नवऱ्याला तेलाची बाटली आणि टॉर्च घेऊन बरोबर नेलं. तेलाची गरजच पडली नाही. कुलूप हातात घेतलं तर ते कडीसकट निघून आलं. नवरा म्हणाला, "मी समोर चहा घेऊन आलोच," आणि टॉर्चसकट गेला. मी आत पाऊल टाकलं आणि माझ्यामागे दार दाणकन लागलं.

आत कबुतरं होती. त्यांना माझं येणं आवडलं नाही आणि ते त्यांनी ताबडतोब माझ्या खांद्यावर नोंदवलं. वरच्या फटींतून उजेड येत होता. हळूहळू डोळे सरावले. भिंतीला लागून गोलाकार दगडी आडोसे होते आणि त्यांनी केलेले छोटे छोटे कप्पे. प्रत्येक कप्प्यात पाय ठेवायला दोन उंच दगड, त्यांच्या मधून उताराची पन्हळ, आणि सगळ्या पन्हळी मधल्या जाड लोखंडी नळाकडे गेलेल्या. वरच्या फटी कशासाठी होत्या तेही कळलं. वास जाण्यासाठी. माझ्याकडे इतिहासाची पदवी आहे, पण हे ओळखायला पदवी लागत नाही.

मी दार ओढलं. दार हललं नाही. ढकललं. नाही. मग मी ओरडले. गोल भिंतीत आवाज असा काही घुमला, की माझी मलाच भीती वाटली. बाहेर मात्र माझ्यापेक्षा जास्त भीती पसरली.

"आतून बाईचा आवाज येतोय!"

"राणी!"

"दार उघडा! हा बुरूज नाही!" मी ओरडले.

"सुटका मागतायत बिचाऱ्या," टेलरचा गहिवरलेला आवाज आला. "किती वर्षं अडकल्या असतील!" मग तो दाराजवळ येऊन अदबीने म्हणाला, "आपला घोडा आमच्या आजोबांनी पाहिला होता."

शेवटी चहा संपवून नवरा परत आला. "राणी नाही, बायको आहे माझी," त्याने गर्दीला सांगितलं. "हा आवाज मी चांगला ओळखतो." या वाक्याबद्दल आमचं नंतर घरी बोलणं झालं.

अग्निशमन दलाने दार उचकटलं. मी बाहेर आले तेव्हा केसांत जाळी, खांद्यावर कबुतरं राहून गेल्याच्या खुणा, एक चप्पल आतच, असा माझा अवतार होता. समोर अख्खा चौक उभा होता आणि सर्वांत पुढे अध्यक्ष.

"काय सापडलं, बाई? भुयार?"

"संडास," मी म्हणाले.



संध्याकाळी अध्यक्ष, इंजिनिअर आणि डॉक्टर आमच्या घरी आले. अध्यक्ष सोफ्यावर बसले, पण आधी त्यांनी स्प्रिंग दाबून बघितली. "बाई, इथले फ्लॅट 'ऐतिहासिक बुरुजाजवळ' अशी जाहिरात करून विकले जातात. लोकांच्या भावना आहेत."

"मग 'ऐतिहासिक संडासाजवळ' लिहा. ऐतिहासिक शब्द तसाच राहतो."

इंजिनिअर पुढे सरसावले. "अहो, शिपायांनाही जावं लागतच असेल ना? म्हणजे बुरुजातला संडास. बुरूज तो बुरूजच!"

मुद्दा बिनतोड होता, म्हणून मला जास्तच राग आला. सिमेंटचं काय, असं मी विचारणार तेवढ्यात खिडकीपाशी बसून चष्मा पुसत असलेल्या माझ्या सासूबाई म्हणाल्या, "शिपाई कसले मेले! आम्ही जायचो तिथे."

सगळे वळले. "आई, तू?" नवरा म्हणाला.

"मग? सूतगिरणीत होते मी, लग्नाआधी. अध्यक्ष बसलेत ना, तिथपर्यंत गिरणीचं आवार होतं."

अध्यक्षांनी नकळत पाय वर घेतले.

"हे तू कधीच सांगितलं नाहीस," नवरा म्हणाला. त्याचा आवाज जरा लहान झाला होता.

"तुझ्या वडिलांच्या घरात गिरणीचं नाव काढलेलं चालायचं नाही. ते गेले, पण तोवर गप्प बसायची सवय लागली होती."

मग त्यांनी सांगितलं. गिरणीत बायका पुष्कळ होत्या, पण बायकांसाठी सोय नव्हती. पुरुष मागच्या भिंतीकडे जात. बायकांनी सकाळी घरून निघायचं ते अंधार पडून घरी पोचेपर्यंत थांबायचं. पोटं दुखायची, ताप यायचे. सांगायचं कुणाला आणि कुठल्या तोंडाने? एक दिवस एक पोरगी चालू यंत्रापाशी चक्कर येऊन पडली. तिचा हात थोडक्यात वाचला. त्या दुपारी बायका फाटकाशी जाऊन बसल्या आणि उठल्याच नाहीत. यंत्रं बंद पडली. आधी दरडावणी झाली, मग विनवणी झाली, आणि शेवटी मालक कबूल झाला.

"पण त्याला लाज वाटत होती," सासूबाई म्हणाल्या. "रस्त्याने त्याचे पाहुणे जायचे. म्हणाला, बांधतो, पण बाहेरून संडास दिसता कामा नये. मग मिस्त्रीने बुरूज करून दिला. वरचे ते कंगोरे त्याच्याच हौसेचे."

अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, "आजींचं वय झालंय. या वयात आठवणींचा गोंधळ होतो."

सासूबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुमच्या राणीचं वय किती?"

इथे गोष्ट संपली असती तर माझ्या संसाराला बरं झालं असतं. पण एका माणसाच्या आठवणीवर इतिहास लिहायचा नसतो. तो माणूस आपली सासू असेल तर मुळीच नाही. मी त्यांना म्हटलं, दुसरं कोणीतरी सांगणारं हवं. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तोफ जिवंत आहे. पण ती खोटारडी आहे."

तोफ म्हणजे त्यांची गिरणीतली मैत्रीण. यंत्रांच्या आवाजातही तिची हाक पलीकडच्या खात्यात ऐकू जायची, म्हणून हे नाव. बुरूज खोटा निघाला, पण तोफ खरी होती. फाटकाशी पहिली कोण बसली, यावरून दोघींचं बिनसलं होतं आणि तेव्हापासून अबोला होता. दोघी एकाच शहरात म्हाताऱ्या झाल्या, पण एकमेकींचं तोंड पाहिलं नाही.

सासूबाईंनी काय सांगितलं याचा एक शब्दही न काढता मी तोफेला भेटले आणि फक्त ऐकलं. मग दोघींना आमच्या घरी समोरासमोर बसवलं.

"पहिली मी बसले," तोफ म्हणाली. खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला.

"तू माझ्या पदराला धरून बसलीस!"

"तुला बसवायला धरला होता!"

किती बायका होत्या, किती दिवस बसल्या, मालकाची माफी ऐकली की त्याच्या मुनीमाची, यांतलं एकही जुळलं नाही. पण आधी सोय नव्हती, एक पोरगी पडली, बायका बसल्या, यंत्रं थांबली आणि मग हे बांधलं गेलं, एवढं दोघींनी वेगवेगळं आणि सारखंच सांगितलं. चक्कर येऊन पडलेल्या पोरीचा विषय निघाला तेव्हा भांडण मधेच थांबलं. ती पुढे लवकर गेली होती. तोफेने सासूबाईंच्या हातावर हात ठेवला. सासूबाईंनी तो राहू दिला.

मी मजकूर लिहिला. दगड काय सांगतात ते लिहिलं, दोघींच्या आठवणी कुठे जुळतात ते लिहिलं आणि कुठे जुळत नाहीत तेही लिहिलं. लोक याला बुरूज म्हणतात आणि राणीची गोष्ट सांगतात, पण तिला आधार सापडला नाही, हेही लिहिलं. मग दोघींना विचारलं, तुमची नावं घालू का?

"बाकीच्यांची आठवत नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "मग आमचीच कशाला?"

"आणि घातलीच तर आधी माझं," तोफ म्हणाली. म्हणून नावं घातली नाहीत.

पालिकेकडे आता दोन मजकूर गेले, अध्यक्षांचा आणि माझा. पालिकेने सुवर्णमध्य काढला. त्यांच्या पत्रात वास्तूचं नाव 'ऐतिहासिक प्रसाधन-बुरूज' असं होतं आणि राणीने तिथे 'अल्पकाळ विसावा' घेतला होता. आता त्या राणीची मला खरोखर दया आली. मी ठाम नकार कळवला. मग शाळेत माझ्याविरुद्ध तक्रार गेली. मुख्याध्यापिकांनी बोलावून दार लावून घेतलं.

"बाई, त्या मजकुरातला तो एक शब्द जरा सौम्य करता येईल का?"

"कोणता?"

"तोच."

"गिरणी?"

"बाई!"

"त्या बायका फाटकाशी बसल्या त्या प्रसाधनगृहासाठी नाही बसल्या," मी म्हणाले. "त्यांनी जो शब्द तोंडाने मागितला तो मी खोडणार नाही. नोकरीवर आलं तरी नाही."

अखेर पालिकेचा अधिकारी चौकात आला. दोन्ही मजकूर लोकांसमोर वाचायचे आणि काय ते ठरवायचं. मांडवात सगळा चौक जमला. अध्यक्षांनी त्यांचा मजकूर वाचला. घोड्याच्या ठिकाणी टेलरने डोळे पुसले. मग मी वाचला. 'आठवणी जुळत नाहीत' हे वाक्य आलं मात्र, पहिल्या रांगेतून "जुळतात! हीच खोटं बोलते!" असं दोन आवाजांत एकदम आलं. लोक हसले. अध्यक्षांनी तेवढ्यात माइक घेतला. "बघा, यांचं यांनाच माहीत नाही. हा काय इतिहास झाला?"

तेव्हा त्यांच्या बायकोने हात वर केला. शोरूमचा काउंटर त्या सांभाळतात. मी त्यांना कधी सभेत बोलताना ऐकलं नव्हतं.

"मला ह्यांना एक विचारायचंय," त्या म्हणाल्या. अध्यक्ष खूश होऊन हसले. "आपल्या शोरूममधल्या मुली दिवसभरात कुठे जातात?"

"कुठे म्हणजे?"

"कुठे म्हणजे कुठे. आपल्या घरी येतात. दोन गल्ल्या चालत, ग्राहक नसताना. मी घरी नसले तर येत नाहीत. त्यापेक्षा दिवसभर पाणीच पीत नाहीत."

शोरूमच्या मुली मागे उभ्या होत्या. त्यांच्यातली एक खाली बघत होती. बाकीच्या सरळ अध्यक्षांकडे बघत होत्या. मेडिकलवाल्याने आपल्या दुकानातल्या मुलीकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

"हा आजचा विषय नाही," अध्यक्ष म्हणाले.

"आम्हालाही असंच सांगितलं होतं," तोफ म्हणाली. तिला माइकची गरज नव्हती. चौकाच्या त्या टोकापर्यंत ते ऐकू गेलं.

मग माझ्या सासूबाई उठून उभ्या राहिल्या, तोफेकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "पहिली हीच बसली होती. लिहा." तोफ त्यांच्याकडे बघतच राहिली. मी ते लिहून घेतलं, पण मजकुरात घातलं नाही. ती गोष्ट इतिहासाची नव्हती, त्या दोघींची होती.

अधिकाऱ्याने हात वर करायला लावून मोजले आणि फलक माझ्या मजकुराचा लागला. शोरूमच्या मागे बांधकाम झालं. ते अध्यक्षांनी स्वतःहून केलं असं ते सांगतात आणि घरातलं मला माहीत नसल्यामुळे मी त्याबद्दल काही म्हणत नाही. ते वास्तूला अजून बुरूजच म्हणतात. मुख्याध्यापिका माझ्याशी कामापुरतं बोलतात. आणि फलकावरचा तो एक शब्द कोणीतरी खिळ्याने खरडून काढतं. पहिल्यांदा खरडला तेव्हा मी रंग आणून पुन्हा लिहिला. पुन्हा खरडला, पुन्हा लिहिला. नवरा वैतागून म्हणाला, "बाई, किती दिवस चालणार हे?" मी म्हटलं, "त्याच्या हातातला खिळा झिजेपर्यंत."

परवा पुन्हा खरडलेला दिसला. मी रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन निघाले, तर सासूबाई काठी घेऊन दारातच उभ्या.

"थांब, मी येते," त्या म्हणाल्या. "तू फार बारीक लिहितेस. या वेळी जरा मोठं अक्षर काढ."